वाळूच्या जागी खाणीची कच

श्रोतेहो, नमस्कार. खडी फोडताना क्रशरखाली जी बारीक कच साठते, तिच्याबद्दल आज बोलू या. पूर्वी तिचे ढीग खाणीच्या कडेला पडून असायचे आणि वारा सुटला की धूळ शेजारच्या पिकांवर बसायची. तीच कच बांधकामाला चालते, गिलाव्यालाही चालते. फक्त धुतलेली हवी, चाळलेली हवी.

पुरंदर तालुक्यात माझ्या मावशीचं घर बांधत होते. नदीची वाळू मिळेना, म्हणून क्रशसँड, म्हणजे दगड फोडून केलेली हीच कच, घ्यायचं ठरलं. दोन ठिकाणांहून नमुने आले. गवंडीमामांनी मावशीकडून लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या. अर्ध्यापर्यंत कच, वर पाणी, चिमूटभर मीठ. खळखळून हलवल्या आणि ओट्यावर ठेवून दिल्या. सकाळी बघतो तर एका बरणीत काळ्या कचेवर बोटाच्या पेराएवढा तांबूस, बुळबुळीत थर! मामांनी तो चिमटीत धरून चोळला. म्हणाले, "ही दगडाची भुकटी नाही, माती आहे. वरचा मुरूम न काढताच दगड क्रशरला घातलाय." पुरवठादार फोनवर म्हणाला, "बारीक आहे, उलट फिनिशिंग छान येईल." मामा म्हणाले, "फिनिशिंग आज येईल, भेगा उन्हाळ्यात येतील." ती गाडी मागवलीच नाही. दुसऱ्या बरणीतला माल घेतला.

भुकटी असणं हा दोष नव्हे. काँक्रीटच्या वाळूचं भारतीय मानक आहे आयएस ३८३. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत नदीच्या वाळूत ७५ मायक्रॉनखालचा, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरपेक्षा बारीक अंश ३ टक्क्यांपर्यंत चालतो, दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. दगडाची भुकटी दाण्यांमधल्या फटी भरते. माती मात्र पाणी पिते, सुकताना आकसते आणि गिलावा तडकतो. म्हणून पुन्हा सांगतो, कच धुतलेली हवी, चाळलेली हवी.

आणि वाळू नदीतच राहू द्या हो. काठच्या विहिरींना पाणी टिकतं ते तिच्यामुळे.

कचेचे दाणे टोकदार असतात. माल थापीखाली जड लागतो, मग घमेल्यात वरून पाणी ओतलं जातं. पाणी वाढलं की ताकद गेली. त्यापेक्षा कच कालवण्याआधीच ओली करून घ्या. माझं तर मत आहे, कामगारांना दुपारचा चहा घरधन्याने स्वतः न्यावा. माणसांशी चार शब्द बोलणं होतं आणि माल कसा कालवतात तेही दिसतं. गिलावा झाला की निदान सात दिवस पाणी मारा, सकाळ-संध्याकाळ.