पहाटे पाच वाजता, ससून डॉक

कुलाब्यात टॅक्सीतून उतरलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते, डॉक कुठंय हे विचारायचीही गरज पडली नाही, नाकच घेऊन गेलं.

आत शिरलात की पहिली गोष्ट, मधे उभं राहायचं नाही. कॅमेरा लावून फ्रेम बघत होतो तर मागून आवाज आला, "ए भाऊ, सरक की!" आणि डोक्यावर भरलेली पाटी घेऊन एक मावशी गेलीसुद्धा, पाटीतलं बर्फाचं पाणी माझ्या खांद्यावर.

गंमत म्हणजे हा धक्का मासळीसाठी बांधलेलाच नाही. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून तो बांधला, तेव्हा इथून कापसाचा व्यापार चालायचा. कापूस गेला, नाव राहिलं, मासळी आली.

आता ट्रॉलर बघा. एकाला एक चिकटून इतके उभे की मागच्या बोटीतला माल पुढच्या बोटींवरून हातोहात फेकत धक्क्यावर आणतात, खलाशी पाटी उडवतो, खालचा झेलतो, आणि हे सगळं दिव्यांच्या पिवळ्या उजेडात, निसरड्या फरशीवर. बोंबील, मांदेली, माकूल, कोळंबीचे ढीग. ढीग पडला रे पडला की लिलाव सुरू. मला तर आकडे कळेपर्यंत माल विकलेला असायचा. मासा पकडतात पुरुष, पण भाव करायचा कसा ते कोळणींकडून शिकावं, एक बोट माशाच्या कल्ल्यांत घालून ताजेपणा बघायचा आणि तोंड असं वाकडं करायचं की विकणारा आपणच खाली यावा!

पलीकडच्या शेडमध्ये मात्र एकदम शांतता. तिथं बायका ओळीनं बसून कोळंबी सोलतात, तासन्‌तास, बर्फाळ मालात हात घालून. आमचा कॅमेरा तिथं फार वेळ थांबला नाही, खरं सांगायचं तर थांबवावासा वाटला नाही.

एक ध्यानात ठेवा, जून-जुलैत येऊ नका. मासे अंडी घालतात म्हणून दोन महिने यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा सगळ्या बोटी बांधून ठेवलेल्या.

उजाडलं की गर्दी ओसरायला लागते. बाहेर टेम्पोत पाट्या चढतायत, मावश्या पाट्यांच्या कडेला अंग चोरून बसतायत. कुणी दादरला, कुणी आणखी लांब. मघाची ती मावशीही दिसली, म्हटलं झालं का काम? तर हसली, "आत्ता कुठं, विकायचं बाकी हाय ना सगळं!"