चेहऱ्यावर जाऊ नका

प्रास्ताविक लांबलं, त्यामुळे माझी वेळ कमी झाली आहे. विषय ‘पार्किन्सन्समधल्या नैराश्यामागची कारणं’ असा जाहीर झालाय. कारणांकडे येतोच, पण आधी एक जुनी तक्रार.

‘बाबा हल्ली हसतच नाहीत’ एवढ्यावरून घरातले नैराश्याचं निदान करून मोकळे होतात. अहो, या आजारात चेहऱ्याचे स्नायूच मंदावतात. पापण्या कमी लवतात, आवाज बारीक होतो, विनोद कळतो पण हसू ओठांपर्यंत येत नाही. (पुढच्या रांगेतले शुभार्थी, म्हणजे आजार असलेले, मघापासून हसलेले नाहीत. मी ते आजाराच्या खात्यावर टाकतो. त्यांची काळजी घेणारे शुभंकर का हसत नाहीत, ते मात्र सांगा.) आणि खरंच नैराश्य असलं की हेच घरातले म्हणतात, ‘वय झालं, आजारच तसा आहे.’ साधारण तीन शुभार्थींपैकी एकाला लक्षात घेण्याजोगी नैराश्याची लक्षणं असतात, आणि त्यातली बरीच अशी नजरेतून सुटतात.

नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचंही तसंच. झोप मोडते का? मोडणारच. रात्री लघवीला उठावं लागतं, कूस बदलता येत नाही. भूक? वास येत नाही, पोट साफ नाही, जेवण कसं जाणार? थकवा, मंदपणा तर विचारूच नका. नैराश्य नसतानाही यांचे गुण पडतात. म्हणून ज्येष्ठांसाठीची 15 प्रश्नांची प्रश्नावली बरी, ती बहुतेक मनाचंच विचारते. पाच किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोला. घरी विचारायचं तर एवढंच विचारा: नातू आला की आतून बरं वाटतं का? आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं का? बरं वाटतं, पण स्वतःहून काही करावंसं वाटत नाही, असं उत्तर आलं तर ती बहुधा उदासीनता. तिचा विचार वेगळा करावा लागतो.

आता वही. तीन-चार दिवस, जागेपणी दर दोन तासांनी चार रकाने भरा: वेळ, सिंडोपा (पार्किन्सन्सची नेहमीची लेवोडोपाची गोळी) कधी घेतली, हालचाल कशी, मन शून्य ते दहात किती. गोळीचा असर ओसरताना मन घसरतं आणि पुढची गोळी लागू पडली की वर येतं, असं दिसलं तर आधी गोळ्यांचं वेळापत्रक तपासायला हवं. अशा वेळी अँटीडिप्रेसंटची घाई नको. डाळ, पनीर, दूध यांच्या सोबत गोळी घेतली की तिचा असर कमी पडू शकतो. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्या. अंतर किंवा मात्रा मात्र आपल्या मनाने बदलायची नाही. वही डॉक्टरांपुढे ठेवा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जाहीर झालेला विषय आता धावत.

पहिलं कारण मेंदूतच. जर्मन संशोधक ब्राक यांनी 2003 मध्ये मांडलं की मेंदूच्या देठातली सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या मनःस्थितीशी जोडलेल्या रसायनांची केंद्रं हालचाल सांभाळणाऱ्या डोपामिनच्या केंद्राआधी बिघडू शकतात. म्हणून कंपाच्या आधी काही वर्षं नैराश्य दिसू शकतं. ‘मन खंबीर ठेवा’ हा सल्ला इथे कुचकामी. दुसरं, आधी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं. स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त. पुढे आजार किती जुना आणि तीव्र, ऑन-ऑफ (गोळीचा असर असणं-ओसरणं) किती, वेदना, झोप, चिंता, उभं राहताच पडणारा रक्तदाब, विस्मरण. शुभंकर थकला की तेही घरात झिरपतं. थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या, ती कारणं दुरुस्त होतात.

उपचार: व्यायाम, समुपदेशन, औषधं. पार्किन्सन्ससाठी रसाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर नैराश्याची गोळी लिहिणाऱ्याला आधी सांगा, दोन्हींचा मेळ क्वचित धोक्याचा ठरतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही पार्किन्सन्सचीच औषधं एकदम बंद करू नका, त्यानेही तीव्र चिंता आणि नैराश्य येऊ शकतं. आणि ‘जगणं नकोसं झालंय’ असं कुणी म्हणालं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416, लिहून घ्या.