तासाच्या अलीकडे आणि पलीकडे

वर्गाचे दार बंद होते, कुजबुज थांबते आणि फळ्यासमोर उभी असलेली व्यक्ती बोलू लागते. विद्यापीठातील अधिव्याख्यात्याचे काम म्हणून बाहेरच्यांना दिसतो तो हा एवढा एक तास.

‘लेक्चर’ हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ ‘वाचणे’ असा आहे. मध्ययुगीन युरोपात हाताने उतरवलेले ग्रंथ महाग आणि दुर्मीळ असत, त्यामुळे शिक्षक ते मोठ्याने वाचून दाखवीत आणि ओळीओळींवर भाष्य करीत. ग्रंथ आता ज्याच्या त्याच्या हाती आला आहे. भाष्य करणाऱ्याची गरज मात्र संपलेली नाही.

या नोकरीचे आजचे रूप बऱ्याच अंशी १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाकडे जाते. जो शिकवतो त्याने संशोधनही करावे, हा त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांचा आग्रह पुढे जगभर पसरला. म्हणूनच पदव्युत्तर शिक्षणानंतर बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते, आणि तिच्यात वाचलेले नीट मांडून भागत नाही, आजवर कोणी न सांगितलेले काहीतरी सिद्ध करून तज्ज्ञांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. ही वर्षे कशी जातील हे विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर अधिक अवलंबून असते. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलून घ्यावे.

पदवी हातात आली म्हणजे पद मिळाले, असे नाही. शोधनिबंध संशोधनपत्रिकेकडे जातो, परीक्षक तो तपासतात, आणि अनेकदा तो दुरुस्तीसाठी किंवा नकारासह परत येतो. दरम्यान तात्पुरत्या नेमणुकांवर दिवस काढावे लागतात. ही प्रतीक्षा नवी नाही: जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७५५ पासून १७७० पर्यंत, म्हणजे तब्बल पंधरा वर्षे, मुख्यतः विद्यार्थ्यांनी दिलेल्या शुल्कावर गुजराण करीत शिकवले आणि त्यानंतर त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

निवडीच्या वेळी प्रकाशनांची यादी बारकाईने पाहिली जाते. शिकवणे मात्र, जिथे पाहिले जाते तिथेही, बहुधा एका नमुना पाठापुरते. हे उफराटे आहे खरे, पण त्यावर उपाय उमेदवाराच्याच हाती आहे. पीएचडी चालू असतानाच पदवीच्या वर्गाचे काही तास मागून घ्यावेत, एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला शेवटच्या बाकावर बसवावे, आणि विद्यार्थ्यांच्या माना नेमक्या कोणत्या वाक्यानंतर खाली गेल्या, हे त्याला विचारावे.

नेमणूक झाल्यावर पहिले वर्ष सर्वांत जड जाते, कारण प्रत्येक तासाची टिपणे कोऱ्या कागदापासून सुरू होतात. शिवाय प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिका तपासणे, समित्यांच्या बैठका आणि शिफारसपत्रे असतातच. स्वतःच्या संशोधनाला उरते ती संध्याकाळ, आणि नेमक्या त्याच वेळी एखादी विद्यार्थिनी दारावर टकटक करून विचारते, “सर, सकाळचा तो मुद्दा पुन्हा सांगाल का?”