पेटीवरचं नाव

(दृश्य: देवगड. पेंढ्यात हापूस रचणारे हात. खोक्यावर बागायतदाराचं नाव.)

एप्रिल म्हणजे पेट्या भरायचे दिवस. पेंढा, आंबा, वर पुन्हा पेंढा. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने खपवला जातोच. म्हणून इथला माणूस पेटी उघडण्याआधी नाव वाचतो.

(दृश्य: जांभ्याच्या भिंती. शाळेची कॉम्प्युटर रूम. पडद्यावर टर्मिनल.)

बागेच्या गडग्यापलीकडे शाळा. या जुन्या मशीनवर डेबियन चालतं: मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. १९९३ पासून स्वयंसेवकांनी घडवलेलं, कुठल्याच कंपनीच्या मालकीचं नसलेलं. पण हवं ते सगळंच सॉफ्टवेअर त्यांच्या भांडारात सापडत नाही. मग बाहेरचा रेपो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी सॉफ्टवेअरचं भांडार, जोडावा लागतो.

(दृश्य: कीबोर्डवर बाईंची बोटं.)

हे एखादा प्रोग्रॅम उतरवून घेण्याइतकं साधं नाही. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात, आणि पुढची अपडेटही त्याच वाटेने येत राहतात. वाट एकदाच उघडतो, येणं-जाणं वर्षानुवर्षं चालतं.

प्रत्येक रेपोची डिजिटल सही करायची एक की, म्हणजे किल्ली, असते. माल त्याच रेपोचा आहे हे मशीन त्या सहीवरून ओळखतं. पूर्वी ‘एपीटी-की’ ही कमांड सगळ्या की एकाच जुडग्यात टाकायची. त्यातली कुठलीही की कुठल्याही रेपोसाठी चालायची, अगदी डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजांसाठीसुद्धा! आता रेपोच्या नोंदीत ‘साइन्ड-बाय’ लिहितात: ही की याच रेपोपुरती. २०२५ च्या डेबियन १३ मधून ‘एपीटी-की’ काढूनच टाकली.

(दृश्य: पडद्यावर ‘एक्स्ट्रेपो’ची यादी, हळूहळू वर सरकणारी.)

ही यादी नीट बघा. बाहेरचे रेपो आणि त्यांच्या की, डेबियनच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या. नवं नाव घालायचं तर मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवायची, सगळ्यांसमोर. यादीवरही सही. वापरायला-बदलायला मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा रेपो आपोआप चालू होत नाही. मशीन सांभाळणाऱ्याने कॉन्फिग फाईल उघडून स्वतः परवानगी द्यायची. आतलं प्रत्येक पॅकेज मात्र यादीवाल्यांनी तपासलेलं नसतं. पेटीवरचं नाव खरं असलं, तरी तळाचा आंबा डागी निघू शकतो.

मागच्या वर्षी कुणीतरी कुठूनतरी उचललेली ओळ चिकटवली, परक्या रेपोने सिस्टिमच्या लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना लागणारे सामायिक भाग, बदलल्या, चार मशीन आठवडाभर बंद राहिली.

(दृश्य: दोन मुली. एक पडद्याकडे, एक वहीकडे.)

“बाई, हो रेपो खंयचो?”

यादीत नाही. म्हणून बाईंनी रेपोवाल्यांकडून कीचा ठसा, म्हणजे की ओळखायची खूण, वेगळा मागवून वहीत उतरवून ठेवलाय. चाळीस अक्षरं, चार-चारचे दहा गट. एकीने वाचायचं, दुसरीने वहीत खूण करायची. सातव्या गटावर दोघी थांबतात. पुन्हा पहिल्यापासून.

(आवाज तसाच ठेवावा. दहावा गट होईपर्यंत निवेदन नाही.)