हिरव्या डोंगरावरचे मास्तर

सप्टेंबर 1931. मनगटांत जाड साखळ्या, अंगाभोवती गुंडाळलेला जर्द, म्हणजे लोकरीची लांब चादर. बाजूला इटालियन अधिकारी, फोटोसाठी नीट उभे. मधल्या म्हाताऱ्या माणसाचं नाव ओमर मुख्तार, लिबियात इटलीविरुद्ध लढणाऱ्यांचा म्होरक्या. वय सत्तरीच्या पुढे.

मूळ पेशा मास्तरकीचा. जग्बूबला शिकले, मग सनुसी या सूफी पंथाच्या अल्-कुसूर इथल्या झावियाचे प्रमुख झाले. झाविया म्हणजे मशीद, शाळा आणि मुक्कामाची जागा, सगळं एकाच आवारात. मुलांच्या हातात लाकडी पाटी. कुराणातली आयत लिहायची, घोकायची, पाठ झाली की पाटी धुवायची आणि पुढची लिहायची.

1911 मध्ये इटलीनं लिबियाच्या किनाऱ्यावर फौज उतरवली. वर्षभरात तुर्क तह करून निघून गेले, लढाई टोळ्यांवर पडली. 1922 च्या अखेरीस सनुसींचे अमीर इद्रिस इजिप्तला गेले आणि डोंगरातली सूत्रं मुख्तार यांच्याकडे आली.

हा तो डोंगर, जेबेल अल्-अख्दर. नावाचा अर्थच हिरवा डोंगर. वरून बघा, पठार खोल घळींनी चिरलेलं आहे आणि घळींत जुनिपरची दाट झाडी. चिलखती गाडी कडेपर्यंत येते, खाली उतरत नाही. गनिमी काव्याला जागा हवी ती अशी.

पण नुसत्या घळींवर वीस वर्षं कोण लढेल? खरी करामत व्यवस्थेची होती. लढवय्यांच्या तुकडीला म्हणायचे ‘दौर’. शंभर ते तीनशे माणसं, बहुतेक एकाच टोळीची. माणूस पडला की त्याच टोळीनं दुसरा द्यायचा. पिकाचा आणि जनावरांचा दशांश दौरासाठी. कागदोपत्री शरण गेलेली गावंही तो देत. दिवसा सरकार इटलीचं, रात्री मुख्तार यांचं. जमलेल्या पैशातून इजिप्तच्या सरहद्दीवरून साखर, चहा, कापड, काडतुसं यायची.

काडतुसांचीच खरी कटकट. तुर्कांनी मागे ठेवलेल्या माउझर बंदुका 7.65 मिलिमीटरच्या, इटालियनांकडून हिसकावलेल्या कार्कानो 6.5 च्या. एकीची गोळी दुसरीत बसत नाही. म्हणजे चकमक संपली की शत्रूच्या बंदुकीइतकाच त्याचा काडतुसांचा पट्टाही मोलाचा.

1930 मध्ये इटलीचा सेनानी ग्रात्सियानी आला. डोंगरात माणसं शोधण्यापेक्षा त्यांना पोसणारा हात तोडायचा, हे त्यानं ओळखलं. सुमारे 1 लाख लोक, जनावरांसकट, किनाऱ्याकडच्या छावण्यांत कोंडले. त्यातले कितीतरी हजार परतले नाहीत.

मग ही तार. इजिप्तच्या सरहद्दीलगत, किनाऱ्यावरच्या बार्दियापासून वाळवंटातल्या जग्बूबपर्यंत, सुमारे 270 किलोमीटर. काँक्रीटमध्ये रोवलेले लोखंडी खांब, माणसाच्या उंचीचे. एक रांग नव्हे, खांबांच्या चार रांगा आणि मधे काटेरी तारांचं जाळं. अंतराअंतरावर गढ्या, टेलिफोनची लाइन, गस्तीला चिलखती गाड्या, वरून विमानं. एक पदर कापला तरी पुढचे उरतात, आणि लादलेला उंट त्यातून जात नाही. 1931 च्या सप्टेंबरपर्यंत काम उरकलं. इजिप्तची वाट बंद. इकडे दशांश देणारी माणसं छावणीत. दौर घोडी कापून खायला लागले.

11 सप्टेंबरला स्लोंताजवळच्या चकमकीत मुख्तार यांचं घोडं कोसळलं आणि ते सापडले. पकडणारे घोडेस्वार लिबियनच, इटलीच्या पगारावरचे. अपोलोनियाहून युद्धनौकेनं बेंगाझीला आणलं. 15 तारखेला खटला आणि निकाल, एकाच दिवशी. बचावाला दिलेल्या इटालियन कॅप्टननं मनापासून बाजू मांडली, म्हणून त्यालाच शिक्षा झाली.

16 सप्टेंबर, सुलूकची छावणी. फाशी बघायला 20 हजार कैदी आणून उभे केले होते.

जानेवारी 1932 मध्ये लिबियाचा इटालियन गव्हर्नर बादोल्योनं बंड संपल्याचं जाहीर केलं. तार तशीच उभी राहिली. जून 1940 मध्ये इजिप्तच्या बाजूनं इंग्रजांच्या चिलखती गाड्या आल्या आणि तीतून आरपार गेल्या.