फोनवर जे विचारतात तेच साईटवर लिहा

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. आपली साईट गुगलवर गिऱ्हाईकाला कशी सापडेल, यावर आज बोलायचंय. माझं बोलणं बहुतेक आंब्यावरच आहे, काजूवाल्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी ते आपापल्या धंद्याला लावून घ्यायचं, एका ठिकाणी फरक पडतो तो मी मध्येच सांगेन.

आधी मोबाईल काढा. गुगलमध्ये इंग्रजी अक्षरांत साईट लिहा, पुढे कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाईटचा पत्ता टाका. जी पानं दिसतील ती ढोबळमानाने गुगलच्या नोंदीत आहेत असं धरा. काहीच दिसलं नाही तर कीवर्ड बिवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाईप करतात ते शब्द, ते सगळं नंतर, आधी ते का होतंय ते बघायला लागेल. वर्डप्रेसवर बनवलेली साईट असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून एक पान असतं, तिथे सर्च इंजिनांनी ही साईट घेऊ नये अशी एक टिक असते, साईट अर्धवट असताना बनवणारा मुलगा ती लावून ठेवतो आणि साईट सुरू झाल्यावर काढायची राहून जाते, मग वर्षभर मालक म्हणत बसतो की ऑनलाईनला आपलं काय चालत नाय. आणि ज्यांनी गुगलच्याच बिझनेस प्रोफाईलमधून, म्हणजे गुगल मॅपवर धंद्याची माहिती दिसते त्या नोंदीतून, फुकटातली साईट केली होती, ती बिझनेस डॉट साईट पत्त्याची, ती मार्च २०२४ मध्ये गुगलने बंद केली. पेटीवर आणि व्हिजिटिंग कार्डावर तो पत्ता अजून छापताय का ते घरी जाऊन बघा.

गुगलचा एक प्रोग्राम असतो, गुगलबॉट, तो लिंकवरून लिंकवर फिरतो, पानं वाचतो, वाचलेलं नोंदवून ठेवतो आणि कोणी काही शोधलं की त्या नोंदीतून निवडून दाखवतो. यात वरचा नंबर विकत मिळत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

आता तो वाचतो म्हटलं ना, तिथेच आपल्याकडे मोठी गोची आहे. कित्येक साईटवर रेट, पत्ता, पेटीची माहिती असं सगळं एका रंगीत बॅनरमध्ये असतं, गणपतीच्या बॅनरसारखं, म्हणजे तो फोटो आहे, मजकूर नाही. फोटोतली अक्षरं गुगल वाचेल या भरवशावर बसू नका, मजकूर पानावर टाईप करा. जुन्या मराठी साईटवर तर श्रीलिपी नाहीतर कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असतं, आपल्याला हापूस दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, गुगलला त्यात हापूस सापडणार कुठून? युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाईप करतो तसं, परत टाईप करून घ्या.

मुख्य मुद्दा हा की साईटवर काय लिहायचं. आपण काय लिहितो? फळांचा राजा, कोकणच्या लाल मातीचं लेणं, परंपरा, विश्वास, गुणवत्ता. छान आहे, पण पुण्यातली बाई रात्री जेवण झाल्यावर गुगलमध्ये फळांचा राजा टाईप करत नाही हो, ती देवगड हापूस पाच डझन पेटी किंमत असं टाकते, तेही बऱ्याचदा रोमन लिपीत, कोणी हापूस लिहितो कोणी अल्फान्सो. म्हणून एक पान नीट मराठीत करा, एक इंग्रजीत करा, आणि प्रत्येकात लोक जे शब्द वापरतात ते सहज येऊ द्या. एकच शब्द पन्नास वेळा कोंबायचा नाही, ते स्पॅम धरलं जातं आणि वाचणाऱ्यालाही वैताग येतो.

हे शब्द कुठून आणायचे, त्याला महागडं टूल नको. सीझनमध्ये तुम्हाला फोन येतात ना, आठवा काय विचारतात. पेटीत किती डझन, फळ किती ग्रॅमचं? कच्चा पाठवता की अढीतला, म्हणजे गवतात पिकवलेला? पिकवायला कार्बाइड नाही ना वापरत? पुण्याला किती दिवसात पोचेल, ट्रान्सपोर्टचे वेगळे का? साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला तर बदलून देणार का? हे प्रश्न वहीत लिहून काढा, जसे विचारले तसेच, आणि साईटवर खरी उत्तरं द्या. साक्याचं उत्तर द्यायला लोक घाबरतात, म्हणतात गिऱ्हाईक पळेल. उलट आहे. साका का होतो, वरून का ओळखता येत नाही, निघाला तर आपण काय करतो, हे सरळ लिहिणारा बागायतदार मला तरी जास्त खरा वाटतो, आणि असं पान फार कमी जणांकडे असतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर तेही लिहा, नसेल तर लिहू नका.

प्रत्येक पानाला टायटल असतं, गुगलच्या रिझल्टमध्ये बहुधा तेच निळ्या अक्षरात दिसतं. निम्म्या साईटवर तिथे नुसतं होम लिहिलेलं असतं! गाव, माल आणि तुमचं नाव एवढं तरी घाला. मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी, भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, रँकिंगसाठी ते बघत नाही असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय.

वेळेचं गणित आंब्यात फार महत्त्वाचं. बदल केल्यावर फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असं गुगलच सांगतं. म्हणजे पेट्या भरायला लागल्यावर साईटवाल्याला फोन करून उपयोग नाही, मोहोर यायच्या आत पान तयार पाहिजे. आणि दरवर्षी नवीन पान नको, पत्ता तोच ठेवा, आतला रेट बदला. सीझन संपला तरी पान काढू नका, पुढची बुकिंग कधी ते लिहून ठेवा.

आता आंबेवाले आणि होमस्टेवाले यांच्यातला तो फरक. गुगल मॅपवर कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं, शोधणाऱ्याला जे पाहिजे ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती माहितीतलं आहे. पुण्यात बसून कोणी जवळचा हापूस शोधला तर देवगडची बाग मॅपवर यायची शक्यता फार कमी, म्हणून आंबेवाल्याला साईटच सांभाळायला लागते. होमस्टेवाल्याचं बरोबर उलटं, पाहुणा गावाचं नाव टाकूनच शोधतो, तुम्ही बिझनेस प्रोफाईल आधी भरा, फोटो, फोन, पिन बरोबर जागी. नावात बेस्ट होमस्टे निअर बीच असलं काही जोडू नका, पाटीवर आहे तेच नाव. रिव्ह्यू मागा, पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट नको, ते नियमात बसत नाही.

फोटो बारीक करून टाका. मोबाईलमधून काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले की पान उघडेपर्यंत माणूस परत जातो. मुख्य भाग अडीच सेकंदात दिसावा असं गुगलचं माप आहे, आणि गुगल आता मुळात मोबाईलवरची साईटच बघतं, कॉम्प्युटरवर किती छान दिसते त्याला काय विचारत नाही.

गुगलवर एक नंबरची गॅरंटी देणारे फोन तुम्हाला सगळ्यांनाच येत असणार. अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतः लिहून ठेवलंय. दुसऱ्या साईटवरून तुमच्या साईटकडे येणाऱ्या हजार लिंक देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, असल्या विकतच्या लिंकवाल्यांना गुगलने २०१२ मध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलाने चांगलाच दणका दिला होता. आणि ज्याला काम द्याल त्याला आधी विचारा, डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, कोणाच्या नावावर घेतोयस? ते तुमच्याच ईमेलवर पाहिजे, नाहीतर भांडण झालं की पत्ता त्याच्याकडे आणि तुम्ही रस्त्यावर.

सर्च कन्सोल हे गुगलचं साईटमालकांसाठीचं साधन फुकट आहे, लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे सोळा महिन्यांपर्यंतचं दिसतं, म्हणजे मागच्या सीझनचं पण. ज्यांच्याकडे साईटचं लॉगिन आहे त्यांनी चहा घेऊन इकडे टेबलाशी या, आत्ताच जोडून टाकू, आणि ज्यांचं लॉगिन साईटवाल्याकडे आहे त्यांनी तोपर्यंत त्याला फोन लावा.