नाल्यातली खबर

सकाळची वेळ. घरोघरच्या मोऱ्या आणि संडास एकदम वाहू लागलेत, नाला फुगलाय. रोगाचे विषाणू आहेत का ते बघायला सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तो आत्ताच. दोरीला बांधलेलं भांडं खाली सोडायचं, लिटरभर पाणी बाटलीत भरायचं आणि बाटली बर्फाच्या पेटीत. वासाबद्दल न बोललेलं बरं.

मुंबईत २००१ पासून हे सुरू झालं, ते पोलिओसाठी. लागण झालेल्या साधारण २०० मुलांमागे एखाद्यालाच लुळेपणा येतो. बाकीची गल्लीत हुंदडत असतात, आणि त्यांच्या शौचातून विषाणू आठवडेच्या आठवडे बाहेर पडत राहतो. दवाखान्याला दिसणार ते एक मूल. नाल्याला सगळी दिसतात, तीही कुणाचं नाव न विचारता.

परळच्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात हे पाणी जिवंत पेशींवर घालून बघत. पेशी मरू लागल्या की पुढची तपासणी. नोव्हेंबर २०१० नंतर मुंबईच्या सांडपाण्यात रानटी, म्हणजे लशीतून न आलेला, पोलिओ सापडला नाही. देशातला त्याचा शेवटचा रुग्ण हावड्याचा, जानेवारी २०११ मधला.

पावसाने पाणी पातळ झालं तर? मग मिरचीवरचा एक विषाणू मोजतात. मिरची पचते, तो पचत नाही, जसाच्या तसा नाल्यात येतो. त्यावरून पाण्यात माणसांचा मैला किती, याचा अंदाज बांधता येतो. मात्र ज्या वस्तीत गटारच नाही, तिची खबर या पद्धतीला लागत नाही. आणि अशा वस्त्या आपल्याकडे कमी नाहीत.

याच पाण्यात माणसाशी काही देणंघेणं नसलेले विषाणूही असतात. ते जिवाणू मारतात. त्यांना म्हणतात बॅक्टेरियोफेज. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे नोंदवलं होतं. फेज हे नाव मिळालं १९१७ मध्ये, फेलिक्स देरेल यांच्याकडून.

ही काचेची ताटली बघा. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंचा दुधाळ थर, त्यावर गाळलेलं सांडपाणी. रात्रभरात थराला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडलीत. तिथे फेज आहे.

फेज औषध म्हणून वापरायचे, तर अडचण एकच, पण मोठी: फेज फार चोखंदळ. एका रुग्णाच्या जिवाणूवर चालला, तो दुसऱ्याच्या चालेलच असं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत टॉम पॅटरसन नावाचे रुग्ण अशाच दाद न देणाऱ्या जिवाणूमुळे मरणाच्या दारात होते, तेव्हा त्यांच्या जिवाणूला लागू पडणारे फेज मुद्दाम शोधावे लागले. त्यातले काही सांडपाण्यातूनच मिळाले. ते शुद्ध करून थेट शिरेतून दिले, आणि पॅटरसन वाचले.